तीन ट्रेचं अंतर

आई,

आज दुपारी हॉस्पिटलातून तपासण्या आटपून घरी आलो, चहा घेतला आणि फोनवर मुंबई ते टोरांटो किती लांब आहे ते बघत बसलो. मला माहीत नाही अशातला भाग नाही. उमेदीची सगळी वर्षं मी त्या वाटेने ये-जा केली, एक पासपोर्ट शिक्के मारून मारून संपला, कंबर कायमची धरली. तरी बघितलं. हल्ली असंच होतं, जे माहीत आहे तेच पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. फोन म्हणतो, साडेबारा हजार किलोमीटर. वेळ म्हणशील तर मध्ये कुठे उतरता आणि तिथे किती ताटकळता यावर आहे, वीस-बावीस तास धरून चालायचं. वाचून काही बोध झाला नाही. साडेबारा हजार काय आणि पंधरा हजार काय, आरामखुर्चीत बसलेल्या माणसाला दोन्ही सारखंच. मग तुझं माप आठवलं. तू असतीस तर पदराला हात पुसत विचारलं असतंस, "ता ऱ्हवांदे. किती ट्रे?"

तुला जाऊन वीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुझं हे माप मी कुणालाच समजावून सांगितलेलं नाही, बायकोलाही अर्धवटच. बाबांची गिरणी बंद पडली, मागोमाग बाबाही गेले, आणि तू सहारच्या त्या फ्लाइट किचनमध्ये कामाला लागलीस. विमानात माणसांना जेवण देतात आणि ते आधी जमिनीवर कुठेतरी शिजतं, हे आपल्या मरोळच्या चाळीत तोवर कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. डोक्याला जाळी, अंगात पांढरा कोट, हातात मोजे. कामाची जागा बर्फासारखी गार, त्यामुळे ऐन मे महिन्यात स्वेटर घेऊन घराबाहेर पडणारी चाळीत तू एकटीच. लोक हसायचे. तू म्हणायचीस, हसा, हसा, मी महाबळेश्वराक जातंय. लांबलचक टेबलाशी उभं राहून ट्रे लावायचे हे तुझं काम. बन, लोणी, लोणच्याची पुडी, चमच्यांचं पाकीट, कप, आणि मधली मोकळी जागा गरम जेवणाच्या डबीसाठी. शिजवलेलं आचाऱ्यांचं, मांडलेलं तुझं. कुठलं विमान कुठे जातं ते तुला नकाशावरून कधीच कळलं नाही, कळलं ते या ट्रेंवरून. दुबई एक ट्रे. लंडन दोन ट्रे. त्याच्या पलीकडे जाणाऱ्यांची तुला कीव यायची. कणकवलीला एसटीने जायचं म्हणजे दोन वेळच्या भाकऱ्या आणि एक न्याहारी. ताईचं लग्न बोरिवलीला ठरलं तेव्हा तिची सासू म्हणाली, लांब पडेल हो तुम्हाला. तू म्हणालीस, "बोरिवली ती काय, चायसुदा थंड होवची नाय."

आणि मग मी टोरांटोचं पत्र घेऊन घरी आलो. तू पिठाचे हात तसेच धरून उभी आहेस, ताई माहेरपणाला आलेली आहे, आणि मी नोकरीबद्दल, पगाराबद्दल, तिथल्या थंडीबद्दल भरभरून बोलतो आहे. तू मध्येच विचारतेस, "किती ट्रे रे?" मी मनात मोजतो. लंडनपर्यंत दोन, तिथून पुढे एक आणि वर काहीतरी सँडविच. तीन, मी म्हणतो. तू परातीकडे वळतेस. "मगे लांब आसा," एवढंच म्हणतेस आणि पीठ मळायला लागतेस. तू रडली असतीस तर मला बरं पडलं असतं. तू पिठात पाणी जास्त घातलंस, बास.

मी निघालो त्या दिवशी तू विमानतळावर आली नव्हतीस. बाकी सगळी चाळ आली होती, तू नव्हतीस. तू मैत्रिणीशी पाळी बदलून घेतली होतीस, माझ्या विमानाचे ट्रे ज्या टेबलावर लागणार होते तिथे उभं राहायला. आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलंस, "कपाचो कान बघ. डावीकडे आसलो तर माझ्या हातचो." तू डावखुरी. नियमाप्रमाणे कपाचा कान उजवीकडे पाहिजे, त्यावरून सुपरवायझर तुला रोज बोलायचा, तू रोज हो म्हणायचीस आणि तुझा हात रोज स्वतःच्या मनासारखं करायचा. विमान उडालं, मी खिडकीतून खाली बघायचं विसरलो, नुसता त्या ट्रेची वाट बघत बसलो. आला. कान डावीकडे. शेजारच्या सरदारजींचा डावीकडे. पलीकडे एक म्हातारी होती, तिचाही डावीकडे. मागे वळून बघितलं, पुढे मान उंचावून बघितलं, दिसले तेवढे सगळे डावीकडे. परक्या माणसांनी भरलेलं अख्खं विमान माझ्या आईच्या पंगतीला बसलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. सरदारजींनी विचारलं, पहिल्यांदा चाललास का? मी मान हलवली. मला आयुष्यात पुष्कळ भेटी मिळाल्या, घड्याळं मिळाली, निरोपसमारंभाला चांदीचा गणपती मिळाला. त्या ट्रेच्या तोडीचं काही मिळालं नाही.

म्हणून पहिल्यांदा सुट्टीवर आलो तेव्हा तू जी रागावलीस ते मला लागलं. तू विचारलंस, विमानात काय काय दिलं. मी आपला मोठ्या तोऱ्यात म्हणालो, छे गं, मी झोपलो होतो, ट्रे आला तसाच परत पाठवला. तू माझ्या ताटात भात वाढत होतीस. वाढणं थांबलं. "परत धाडलंस? न उघडता?" तिथून येणाऱ्या विमानाचे ट्रे तुझे नव्हते, लंडनच्या कुठल्यातरी बाईने लावलेले होते, हे मी तुला समजावायला गेलो. त्यावर तू अजूनच चिडलीस. "म्हणान काय झाला? तीय कोणाची तरी आवस आसतली. कोणी मांडून दिलेला आसता, उघडूक तरी होया होता. खाव नको, उघड." परत आलेले ट्रे उघडलेले असोत नसोत, सरसकट फेकतात, हे तू रोज बघायचीस. उघडलेला फेकला तर तुला काही वाटायचं नाही. न उघडलेला फेकला की तुला वाटायचं, आपण उगाच उभ्या होतो.

आता तो दिवस. त्याबद्दल मी कधीच कुणाशी नीट बोललेलो नाही, आणि आज बोलायचंही तुझ्याशीच आहे, म्हणजे बघ.

ताईचा फोन आला तेव्हा तिकडे दुपार होती, मी कामावर होतो. तिने एका दमात सांगितलं, आई गेली, आणि मग रडायला लागली. तू आठवडाभर हॉस्पिटलात होतीस हे मला त्याच फोनवर कळलं. मिळेल ते तिकीट काढलं. ताईला कळवलं, शुक्रवारी रात्री एक वाजता पोचतो, माझ्यासाठी थांबा. आणि इथे घोटाळा झाला, असा घोटाळा की तो फक्त आपल्याच माणसांचा होऊ शकतो. तिकिटावर वार बाराच्या ठोक्याला बदलतो. आपल्या घरात वार बदलतो सूर्य उगवल्यावर. रात्री दोनला कुणी आलं तरी सकाळी आपण म्हणतो, काल रात्री आला. मी तिकीट वाचून दाखवलं, ताईने आपल्या घराप्रमाणे ऐकलं. तिच्या हिशोबाने मी शुक्रवार मावळल्यावर येणार होतो. तिने शनिवारी सकाळचं नक्की केलं, गावाला कळवलं, काका शुक्रवारच्या गाडीला बसणार असं ठरलं, तुला हॉस्पिटलच्या शवागारात ठेवलं. आणि मी गुरुवार-शुक्रवारच्या मधल्या रात्री मुंबईत उतरलो.

त्या प्रवासात ट्रे आले. तिन्ही उघडले. खाल्लं काहीच नाही, पण तिन्ही उघडले, झाकणं बाजूला ठेवली, चमच्याचं पाकीट फाडलं. हवाईसुंदरीला वाटलं असेल की माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. बरोबरच होतं तिचं.

न्यायला कुणी नाही. ताईच्या घरी फोन वाजतो आहे, कुणी उचलत नाही. नंतर कळलं, दोन रात्रींच्या जागरणानंतर ती गोळी घेऊन झोपली होती. मी उजाडेपर्यंत बाकावर बसून राहिलो. मनात नाही नाही ते आलं. वाटलं, थांबले नाहीत, उरकून टाकलं, आणि आता मला कसं सांगायचं म्हणून फोन उचलत नाहीत. उजाडल्यावर रिक्षा केली आणि मरोळला गेलो, दुसरं कुठे जाणार? शेजारच्या काकू दात घासत ओट्यावर उभ्या होत्या. मला बघून त्यांनी तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "अरे, तू आज रात्री येणार होतास ना?" त्यांनीच किल्ली दिली. त्यांनीच तिथे, दारात, सांगितलं की अजून व्हायचंय, उद्या सकाळी आहे. मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. त्यांना वाटलं दुःखाने. दुःख होतंच, पण त्या क्षणाला मी सुटलो होतो.

मग मी तुझ्या घरात एकटा. असा मी कधीच नव्हतो, तू नसताना त्या घरात. तुझ्या फोनवरून ताईला पुन्हा लावला, या वेळी तिने उचलला. "अरे, शुक्रवारी रात्री म्हणालास ना!" "ताई, आज शुक्रवारच आहे." मग ती म्हणाली, आजच करायचं का? मी म्हटलं, नको, काकांना येऊ दे, उद्याच करू. ती म्हणाली, मी येते दुपारपर्यंत, तू काहीतरी खाऊन घे. माणूस गेलं तरी आपल्याकडे दुसऱ्या वाक्याला जेवणाची गोष्ट निघते.

फ्रिज उघडला. खाली काही नव्हतं, ताईने साफ केलं होतं. वरचा बर्फाचा कप्पा उघडेना, बर्फाने चिकटला होता. चमच्याने टोकरून उघडला. आत ठासून डबे. श्रीखंडाचे रिकामे डबे तू धुवून ठेवायचीस ते, एकावर एक. मासळीचं वाटण. तिरफळं घातलेलं बांगड्याचं. सोलांचं आगळ. आणि काळ्या वाटाण्याचं सांबार, एक नाही, कितीतरी डबे. मी सुट्टीवर यायचो त्याच्या आधी तू असंच भरून ठेवायचीस, किचनमध्ये शिकलीस ते, झटपट गार करायचं आणि गोठवायचं, म्हणजे मी असताना तुला ओट्याशी उभं राहावं लागू नये, माझ्यासमोर बसता यावं. पण माझं येणं तर मेपर्यंत नव्हतं, आणि ते दिवस होते गणपती होऊन गेल्यानंतरचे. मला वाटलं, तुझं तुला लागत असेल. एकट्या बाईला एवढं? मी फार विचार केला नाही. सुतकात घरात चूल पेटवत नाहीत, तिथे तर अजून अग्नीही द्यायचा होता. मी गॅस पेटवला. एक डबा पाण्यात धरून सोडवला, पातेल्यात गरम केला, कोपऱ्यावरून पाव आणला, आणि तुझ्या पाटावर बसून पोटभर जेवलो. तीन ट्रेंनंतरचं पहिलं जेवण. तू असतीस तर विचारलं असतंस, तिखट झाला काय? झालं होतं. डोळ्यांतून पाणी आलं ते नक्की कशाचं, ते मला सांगता येणार नाही.

ताई आली तेव्हा मी पातेलं घासत होतो. तिने ओट्यावरचा रिकामा डबा बघितला आणि ती तिथेच खाली बसली. "सापडलं तुला," ती म्हणाली. मी विचारलं, काय सापडलं? ती म्हणाली, "हॉस्पिटलात जायच्या आधीचा आठवडा. दम लागत होता तिला, दोन पावलं चालली की भिंत धरायची. आणि मी बघते तर उभी राहून नारळ भाजतेय. मी म्हटलं, आई, कोणासाठी करतेयस एवढं? तर म्हणाली, आसांदे, कोण येता-जाता." मी म्हटलं, मग मला फोन का नाही केलास? त्यावर ती माझ्यावर जवळजवळ ओरडली. "मी रोज म्हणायचे, रोज! हात जोडले तिला. ती म्हणायची, त्याका कशाक बोलवतंस इतक्या लांबसून? माका काय झालेला नाय. तीन ट्रे खावन येवचा लागात त्याका. मी काय करू? तिच्या शब्दाबाहेर गेले असते तर ती माझ्याशी बोलली नसती." मग आम्ही दोघं त्या बर्फाच्या कप्प्यासमोर बसून राहिलो. तोंडाने तू सांगत होतीस बोलावू नका, आणि हातांनी माझ्या येण्याची तयारी करत होतीस.

आई, मला तेव्हा तुझा राग आला. दुसऱ्या दिवशी तुला अग्नी देतानाही आला. वीस वर्षं झाली, अजून येतो. तुला वाटलं असेल, पोराचा त्रास वाचवला. कसला त्रास? खुर्चीत बसायचं आणि ट्रे उघडायचे, एवढाच त्रास होता तो. एक "ये" म्हणाली असतीस तर मी आठवडाभर तुझ्या उशाशी बसलो असतो. माझ्या वाट्याला आला तो एक चुकून मिळालेला दिवस, तोही तू नसलेल्या घरातला. मी तोसुद्धा जपून ठेवला आहे, पण त्याच्यावर कुणाचं भागतं?

पुढचं तुला माहीत नाही. तू गेल्यावर चार-पाच वर्षांनी आम्ही परत आलो. सासरे आजारी पडले, मुलुंडला त्यांचं घर होतं, निमित्त झालं. खरं म्हणजे मी दमलो होतो. आमची लेक तेव्हा शाळेत होती. इथे वाढली, मराठी बोलायला लागली, घाटकोपरच्या मैत्रिणींकडून यार यार शिकली, आणि बारावी झाल्यावर म्हणाली, मी तिकडे शिकायला जाते, जन्म तिकडचाच आहे. गेली. आता तिकडेच नोकरी. ती तुझ्यासारखी डावखुरी आहे, हे सांगायचं राहिलं. थोडक्यात, मी बाजू बदलली. आता मी इकडच्या टोकाला उभा आहे, आणि इकडच्या टोकाला किती लांब वाटतं ते मला तिकडून कधी कळलं नव्हतं.

तर ऑपरेशन. बायपास. पुढच्या पंधरवड्यात. जिना चढताना दम लागायचा, मी वयावर ढकलत होतो. डॉक्टर पोरगेलासा आहे, म्हणाला, "काका, आम्ही हे आठवड्यातून किती करतो माहितीये? काहीही घाबरायचं कारण नाही." बरा वाटला मुलगा. घरी येताना रिक्षात बायको म्हणाली, "तिला आज फोन करू." मी म्हटलं, बघू. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, तिची नवी नोकरी, रजा मिळायची नाही, तिकडे थंडी, इकडे येऊन ती करणार काय, डॉक्टर आहे का ती? बायको म्हणाली, "तू तिला विचारलंस? की तूच ठरवतोयस?" बायको कमी बोलते, पण बोलली की वर्मावर. मी पेपर तोंडासमोर धरला.

आणि परवा काय झालं ऐक. मी आदल्या दिवशी काळे वाटाणे भिजत घातले होते. कांदा भाजला, खोबरं भाजलं, वाटलं, सांबार केलं. बसून बसून केलं, उभं राहवत नाही फार वेळ. गार केलं आणि डब्यांत भरत होतो. बायको बाजारातून आली, स्वयंपाकघराच्या दारात पिशवी घेऊन उभी राहिली. "खोबरं बंद केलंय ना तुला डॉक्टरांनी? मला तर पित्ताने चालत नाही. मग हे एवढं कोणासाठी?"

मी म्हटलं, "असू दे. कोण येईल-जाईल."

म्हटलं, आणि हातातला डाव तसाच राहिला. बायकोला काही कळलं नाही, ती भाजी निवडायला बसली. मी ओट्याला धरून उभा. तुझ्यावर वीस वर्षं धरलेला राग असा माझ्याच ओट्यावर येऊन पडला. म्हणजे हे असं होतं तर. तू काही ठरवून केलं नसशील. दम लागला असेल, जीव घाबरला असेल, पोराला बघावंसं वाटलं असेल, आणि ते म्हणायची लाज वाटली असेल. एवढ्या मोठ्या, कर्त्या माणसाला ये म्हणायचं तरी कसं? त्यापेक्षा नारळ भाजलेला बरा. आई, तुला किती एकटं वाटलं असेल.

इथवर लिहून मी उठलो. संध्याकाळ झाली होती, म्हणजे तिकडे तिची सकाळ. फोन लावला.

"बाबा? आज कसा काय? सगळं ओके ना?"

मी सांगितलं. बायपास हा शब्द सांगितला आणि तारीख सांगितली. तिच्या मागे कुठेतरी बस थांबल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मी येऊ का? म्हणजे यायला हवं का मी? डॉक्टर काय म्हणाले, बाबा?"

तुझं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. इतक्या लांबून कशाला. अगदी तुझ्याच आवाजात आलं होतं. मी ते गिळलं. सोपं नव्हतं, सांगतो तुला, छातीत दुखलं, आणि ते दुखणं डॉक्टरच्या कक्षेतलं नव्हतं.

"ये," मी म्हटलं.

"ओके," ती म्हणाली. "येते." मग एकदम, लहानपणी बोलायची तशी, "थँक यू बाबा, सांगितलंत ते." आणि रडायला लागली. मला वाटलं होतं, मी तिला त्रासात घालतोय.

थोड्या वेळाने तिचा पुन्हा फोन. तिकीट मिळालं, लंडनवरून. "शनिवारी रात्री दीडला पोचते." मी म्हटलं, वार नको सांगूस, तारीख सांग, आणि ती रात्र कुठल्या दिवसाच्या आधीची आणि कुठल्या नंतरची ते सांग. ती हसली. तीनतीनदा विचारून घेतलं, बायकोला सांगितलं, बायकोने कॅलेंडरवर गोल केला, तो बरोबर चौकटीत केला की नाही ते मी उठून बघितलं. न्यायला मी जाणार म्हटलं तर दोघीही एकदम ओरडल्या. बायको जाईल. ठेवताना मी पोरीला म्हटलं, ट्रे आला की झोपू नकोस, उघडून बघ. "कसला ट्रे?" तिने विचारलं. आली की सांगेन म्हटलं. सांगायला एक तरी गोष्ट हाताशी असू दे.

हे पत्र कुठे धाडायचं? मरोळची चाळ पाडली, तिथे काचेची ऑफिसं झाली. तुझं किचनही दुसरीकडे गेलं म्हणतात. ताईला वाचून दाखवलं तर ती रडून बोरिवली डोक्यावर घेईल. तेव्हा राहू दे इथेच, औषधांच्या डब्याखाली.

एक तेवढं सांगायचं राहिलं. पोरीने दोनदा विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. दोन्ही वेळा मी दुसरंच काहीतरी बोललो. काहीही घाबरायचं कारण नाही असं तो म्हणाला होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. विमानात बसली की सांगेन.